वडिलांच्या नावची रजा

२९ जानेवारी

ताई,

नमस्कार. घेतलास तर.

तुझं पत्र पोचलं. तू ते मला लिहिलं नव्हतंस, ठाऊक आहे. पाकिटावर 'रजा मंजूर करणारे साहेब यांना' असं होतं आणि खाली आमच्या पंख्यांच्या कारखान्याचा पत्ता. टपाल वाटणाऱ्या बाईंना काय कळणार, पण मी अक्षर लांबूनच ओळखलं. 'र' अजून तसाच काढतेस, पाय पसरून बसल्यासारखा.

दहा महिन्यांनी तुझं काहीतरी हातात आलं. शेवटचं बोललीस ते दारात. बाबा गुरुवारी गेले आणि मी रविवारी पिशवी घेऊन उभा राहिलो. 'रजा मिळाली नाही,' म्हणालो. 'मग जा कामावर, उशीर होईल,' असं म्हणून तू दार लावून घेतलंस. मी खाली पायरीवर थोडा वेळ बसलो होतो, हे तुला माहीत नसेल.

पत्र मी वाचलं. दुसऱ्याचं टपाल वाचू नये हे खरं, पण विषय माझाच होता. तू लिहिलंस, 'माझ्या भावाने त्या दिवशी रजेचा अर्ज केला होता का, एवढंच कळवा. केला असेल आणि तुम्ही नाकारला असेल, तर चूक तुमची, आणि मी माझ्या भावाशी बोलेन. केलाच नसेल, तर मला भाऊ नाही असं समजून उरलेलं आयुष्य काढीन.' आणि त्याखाली, 'आमचे वडील एकदा तुमच्या ऑफिसात आले होते. तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत, चहा पाजलात, असं ते शेवटपर्यंत कौतुकाने सांगायचे. त्याच माणसाच्या मरणाला तीन दिवस देताना तुमचा हात का आखडला? तुम्हाला बाप नव्हता का?'

ताई, हे जरा जास्तच लिहिलंस. ज्याला लिहिलंस तो माणूस तितका वाईट नाही. कडक आहे. लोक त्याला पाठीमागे 'नामंजूर' म्हणतात, तेही त्याला माहीत आहे. पण नियम त्याने केलेले नसतात.

तुझं शिवणकाम घरातलं. मशीन झाकलं की सुट्टी. आमच्याकडे तसं नसतं. किरकोळ रजा वर्षाला आठ, डिसेंबरअखेर वापरली नाही तर बुडाली. आजारपणाची रजा वेगळी, तिला डॉक्टरचा कागद लागतो, आणि आजार स्वतःचाच हवा. हक्काची रजा वीस दिवस काम केलं की एक दिवस साठते, पण ती घ्यायची तर पंधरा दिवस आधी अर्ज टाकावा लागतो. आणि मार्चअखेर मालमोजणीचा आठवडा असतो. गोदामातला प्रत्येक पंखा, प्रत्येक पातं मोजून कागदावर चढवायचं. तेव्हा सगळ्या रजा बंद. आपण सापडलो त्या आठवड्यात.

तुला उत्तर येईल. साहेबांनी पत्र वाचलंय. तोवर इथे दुसरं पत्र पाठवू नकोस.

धाकटा


३१ जानेवारी
(कारखान्याच्या छापील कागदावर)

महोदया,

आपल्या पत्राच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, आपल्या बंधूंचा दुखवट्याच्या रजेचा अर्ज गेल्या मार्च महिन्यात या विभागास वेळेत प्राप्त झाला होता. तथापि वार्षिक मालमोजणीचे काम चालू असल्याने तो मंजूर करता आला नाही. आपल्या बंधूंनी याबाबत वारंवार व डोळ्यांत पाणी आणून विनंती केली होती, हे नमूद करणे आवश्यक वाटते. ते या कारखान्यातील अत्यंत कर्तव्यदक्ष कर्मचारी आहेत.

आपणांस झालेल्या मनस्तापाबद्दल विभाग दिलगीर आहे.

आपला विश्वासू,
(सही)
रजा विभागाकरिता


९ फेब्रुवारी

ताई,

काल फोनवर मला काही बोलता आलं नाही. तू बोलत होतीस, मध्येच रडत होतीस, आणि मी नुसता 'हं, हं' करत होतो. शेवटी तू म्हणालीस, 'धाकट्या, मला माफ कर रे. मी तुला पायरीवरून परत पाठवलं.' तेव्हाही मी 'हं' म्हणालो. म्हणून आज जेवणाच्या सुट्टीत लिहायला बसलो.

माफी मागायचं काहीएक कारण नाही. तू मोठी आहेस. आणि तुझ्या जागी मी असतो तर मीही दार लावलं असतं.

आज किती दिवसांनी भूक लागली. टपालाच्या बाई म्हणाल्या, 'आज स्वारी खुशीत दिसतेय, कुणाची रजा मंजूर केली वाटतं.' मी हसलोसुद्धा. तुझ्या त्या एका फोनने माणूस कसा सैल होतो बघ. शिलाई कशी चाललीये, बाबांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान अजून भाड्याने दिलं नाहीस ना, त्यांची हत्यारं कुठे ठेवलीस, असं सगळं विचारायचं होतं. मशीनचा स्क्रू फिरवायचा तो बारका पेचकस, लाल मुठीचा, तो तुझ्याकडेच ठेव. भंगारात घालू नकोस.

आता दुसरं. तू सोमवारी, सोळा तारखेला इथे यायचं म्हणतेस. बाबांचा फोटो त्या साहेबापुढे ठेवून त्याला दोन शब्द ऐकवायचे म्हणतेस. मी तुझा स्वभाव ओळखतो, तू ऐकवशील. पण ताई, उपयोग नाही. साहेब सोळाला दौऱ्यावर आहेत. शिवाय त्यांची बदली झाल्यासारखीच आहे, नव्या माणसाला यातलं काही ठाऊक नाही. आणि पास असल्याशिवाय फाटकातून आत सोडत नाहीत.

झालं ते झालं. पत्रात त्यांनी दिलगिरी लिहिली आहे ना? तेवढं पुरे. आपण दोघं बोलायला लागलो, मला आणखी काही नको.

धाकटा


११ फेब्रुवारी

ताई,

साहेब दौऱ्यावर नाहीत. बदलूनही गेलेले नाहीत. साहेब मीच आहे.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं बघ तुझं. रजेचं टेबल आठ वर्षं माझ्याकडे आहे. अर्ज माझ्याकडे येतो, शिल्लक मी पाहतो, शेरा मी लिहितो. सही कारखान्याच्या मोठ्या बाईंची असते, पण माझ्या शेऱ्यावर त्या डोळे मिटून सही करतात. 'नामंजूर' म्हणतात तो मीच. तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर 'रजा मिळत नाही' हे वाक्य तुझ्यापुढे कोणत्या तोंडाने म्हणालो असतो? ते वाक्य मला फार उपयोगी पडलंय. तुझ्या मुलीच्या बारशाला, घराच्या रंगाला, बाबांच्या गुडघ्याच्या दुखण्याला, दर खेपेला.

एकतीस तारखेचं पत्रही मीच लिहिलं. 'डोळ्यांत पाणी आणून' हेही मीच. वाचताना तुला शंका कशी आली नाही? कुठला कारखाना असं लिहितो?

तू एकच प्रश्न विचारला होतास. अर्ज केला होता का. नाही केला, ताई.

आता का नाही केला, ते. इथे मी तीन वेळा थांबून पाणी प्यायलो.

नऊ वर्षांपूर्वी बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, आठवतं? तू म्हणालीस, 'आजवर सगळं मी केलं, या खेपेला तू ने.' बरोबरच होतं तुझं. आई गेल्यापासून त्यांचं सगळं तूच केलंस. पण डिसेंबर महिना. माझ्या आठही किरकोळ रजा संपलेल्या. हक्काच्या रजेला पंधरा दिवस आधी अर्ज हवा, आणि डॉक्टरने तारीख दिली होती चार दिवसांनंतरची. आजारपणाची रजा बापाच्या डोळ्याला चालत नाही. तेव्हा या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ होते, आता निवृत्त झालेत. मी फार गयावया केली, तेव्हा ते चष्मा पुसत म्हणाले, 'काय करू हो? बाप आजारी असला तर आपल्याकडे रजा नाही. बाप गेला तर आहे. दुखवट्याची, तीन दिवस, पगारी. शिलकीतूनही जात नाही.' ते गमतीने बोलले. मी जागेवर येऊन अर्ज लिहिला. कारण, वडील वारले.

एवढंच केलं मी, ताई. बाबांना डोळ्याच्या ऑपरेशनला नेता यावं म्हणून त्यांना कागदावर मारलं.

मयताचा दाखला तेव्हा कोणी मागत नसे. बाप मेल्याचं खोटं कोण सांगेल? (आता मागतात. टेबल माझ्या हाती आल्यावर पहिला नियम मीच केला, दाखल्याशिवाय दुखवट्याची रजा नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.) तिसऱ्या दिवशी डोळ्याला पट्टी बांधून बाबा खाटेवर बसले होते. मला म्हणाले, 'रजा कशी मिळाली रे?' मी म्हणालो, 'साहेब चांगले आहेत.' तर म्हणाले, 'त्यांना माझा नमस्कार सांग.' पुढे दर भेटीत विचारायचे, नमस्कार सांगितलास का? मेलेल्या माणसाचा नमस्कार मी कुणाला सांगणार होतो?

चौथ्या दिवशी कामावर गेलो तर कोणी जोरात बोलेना. माझ्या टेबलावर कोणीतरी पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता. मोठ्या बाईंचे वडील त्याच महिन्यात गेले होते. त्या स्वतः येऊन माझ्याशेजारी दहा मिनिटं बसल्या. उठताना फक्त म्हणाल्या, 'सावकाश होतं सगळं.' मेल्याहून मेल्यासारखं म्हणजे काय ते मला त्या दहा मिनिटांत कळलं. वर्षभराने रजेचं टेबल रिकामं झालं, तेव्हा त्यांनीच माझं नाव सुचवलं. म्हणाल्या, ज्याला घरचं दुःख माहीत आहे त्याच्याकडे हे काम असावं.

आता मागच्या मार्चचा गुरुवार. मालमोजणी चालू होती. मी गोदामाच्या दारात याद्या घेऊन उभा, शेजारी मोठ्या बाई. अकरा वाजता तुझा फोन आला. तू बोललीस ते मी ऐकलं, 'बरं' म्हणालो आणि फोन खिशात घातला. बाईंनी विचारलं, 'कुणाचा हो?' मी म्हणालो, 'राँग नंबर.'

मी तुला लिहिलं की मालमोजणीत सगळ्या रजा बंद असतात. ते अर्धंच खरं. एक रजा चालू असते. मरण सोडून सगळ्या बंद, असाच नियम आहे. आई, बाप, नवरा, बायको, मूल. काका-मामांना त्या आठवड्यात मरायची परवानगी नाही, पण बापाला आहे. तोंडी सांगितलं असतं तरी बाईंनी गाडी करून पाठवलं असतं. फक्त माझ्या नावापुढे तो रकाना आधीच भरलेला होता. नऊ वर्षांपूर्वीच्या तारखेने, माझ्याच अर्जावरून. माणसाला बाप एकच असतो.

सगळं टाकून निघून जाता आलं असतं. नोकरी गेली असती, फार तर. पण मी यादी पुढे चालू केली. त्या दिवशी मी चारशे बारा पाती मोजली आणि एकही चुकली नाही. हे मी कुणाला सांगू?

हे पत्र असंच पाठवतो. पुन्हा वाचलं तर फाडीन.

धा.


१२ फेब्रुवारी

ताई,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि वाटलं होतं की सुटलो. नाही सुटलो. एक गोष्ट मी कालही ठेवून घेतली.

तुझ्या पत्रातली खुर्ची आणि चहा. ते वाचलं तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. कारण बाबा इथे आले होते हे खरं, पण त्यांना कोणी खुर्ची दिली नाही. मी तरी नाही.

डोळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांनी एकच हट्ट धरला होता, तुझं ऑफिस बघायचंय. 'आता चांगलं दिसतंय, तर तेवढं बघून घेतो,' म्हणायचे. मी आज-उद्या करत राहिलो. फोन करू नका, साहेबांना चालत नाही, हेही मीच सांगितलं होतं. एकदा त्यांनी ऑफिसात केला आणि 'त्याचा बाप बोलतोय' म्हणाले, तेव्हा फोन घेणाऱ्याला 'वडिलांसारखेच आहेत हो, चुलते' असं सांगून मी वेळ मारून नेली.

सहा वर्षांपूर्वी ते न सांगता आले. तू बहुधा बसमध्ये बसवून दिलं असशील. दुपारी दोनला पहारेकऱ्याने वर निरोप पाठवला, फाटकाशी कोणी वृद्ध गृहस्थ आलेत. मी खाली गेलो. धुतलेला सदरा, नवी चप्पल, नखांत नेहमीचं मशीनचं तेल. हातात कागदाची पुडी. माझ्यासाठी हातरुमाल शिवून आणले होते. चार. डोळा बरा झाल्यावर स्वतः कापून, कडा दुमडून.

त्याच वेळी जेवणाची सुट्टी संपून माणसं आत चालली होती. हिशेबातले दोघं माझ्यापाशी थांबले. माझ्या दुखवट्याला हार आणायला गेले होते ते हेच दोघं. एकाने विचारलं, 'पाहुणे का?'

मी म्हणालो, 'नाही, आमच्या शेजारी राहतात.'

बाबांनी ऐकलं. त्यांच्या कानाला काही झालेलं नव्हतं. ते माझ्याकडे बघायला लागले, आणि मी पुडीकडे. मग त्यांनी त्या दोघांना हात जोडले आणि म्हणाले, 'हो हो, शेजारीच. फार चांगल्या घरचा मुलगा आहे. इकडे आलो होतो, म्हटलं भेटून जावं.'

त्यांना कारण माहीत नव्हतं, ताई. मी शेजारी का म्हणालो ते त्यांनी कधी विचारलंही नाही. त्यांना काय वाटलं असेल? तेल लागलेल्या नखांची मला लाज वाटली असं वाटलं असेल, नाहीतर काय. आणि तरी त्यांनी माझं खोटं खाली पडू दिलं नाही, पटकन उचलून धरलं. मी म्हणालो, 'मला काम आहे, सावकाश जा.' पुडी घेतली आणि जिना चढलो.

पुढे घरी येऊन त्यांनी तुला खुर्ची आणि चहाचं सांगितलं. माझ्यासाठी तुझ्याशीही खोटं बोलले. आयुष्यात एका गिऱ्हाइकाला जुना स्क्रू नवा म्हणून दिला नाही त्या माणसाने.

मला त्यांची लाज वाटत नव्हती. हे एवढं तू मानलंस तर बाकी काही मानू नकोस. लाज माझी मला होती, आणि मी ती त्यांच्या अंगावर टाकली.

सोमवारी ये. फोटो घेऊन ये. मी फाटकात उभा राहीन.


१९ फेब्रुवारी

ताई,

तू आली नाहीस.

मी सोमवारी सकाळी आठपासून फाटकाशी उभा होतो. मोठ्या बाईंना तुझ्यासमोरच सांगायचं असं ठरवलं होतं. एकट्याने जायचं धैर्य नव्हतं म्हण. दहा वाजले, अकरा वाजले. पहारेकरी म्हणाला, 'कुणाची वाट बघताय? मी सांगतो आल्यावर.' मी म्हणालो, बहिणीची. मग तो सहज म्हणाला, 'तुमचे ते शेजारी बरे आहेत ना? मशीनवाले?'

सहा वर्षांत तो हे मला चार-पाचदा तरी विचारून गेला असेल. मी दर वेळी 'बरे आहेत' म्हणत पुढे जायचो. या खेपेला म्हणालो, 'ते शेजारी नव्हते. माझे वडील होते. मागच्या मार्चात गेले.'

त्याने आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली. लोखंडी, बसायला दोरी विणलेली. मग म्हणाला, 'इथेच बसले होते ते. बस चार वाजता होती, तोवर. तुमची खिडकी कुठली ते विचारलं, मी दाखवली. चहा आणला तर आधी नको म्हणत होते. जाताना म्हणाले, तुम्ही इथले साहेबच आहात हो, आत कोणाला सोडायचं ते तुम्ही ठरवता.'

म्हणजे बाबा तुझ्याशी खोटं बोलले नव्हते, ताई. खुर्ची मिळाली होती आणि चहाही. मी बारा तारखेला त्यांच्यावर घातलेला तो आळ मागे घेतो. खोटं बोलणारा घरात एकच होता. आणि दोन तास ते इथे बसून माझ्या खिडकीकडे बघत होते. मी वर पाठ करून बसलो होतो, ते गेले असतील असं धरून.

मी त्या खुर्चीवर बसलो नाही. सरळ वर मोठ्या बाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. नऊ वर्षांपूर्वीचा अर्ज, राँग नंबर, छापील कागदावरचं पत्र. बाईंनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. रजेचं जुनं पुस्तक मागवलं, ते पान काढलं आणि तारीख पाहिली. मग म्हणाल्या, 'मी तुमच्याशेजारी येऊन बसले, त्या दिवशी ते कुठे होते?'

मी म्हणालो, 'बहिणीकडे. खाटेवर बसून रेडिओ ऐकत होते.'

त्या म्हणाल्या, 'माझे खरंच गेले होते.'

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्या तेवढंच बोलल्या आणि पान मिटलं. मला लाज वाटते असं मी आजवर किती वेळा म्हटलं असेन, पण त्या खोलीत उभं असताना हात कुठे ठेवावा तेही कळेना.

टेबल माझ्याकडून काढलंय. चौकशी बसणार. रजेचं खोटं एक वेळ दंडावर भागेल, पण कारखान्याच्या कागदावर घरचं पत्र लिहिलं ते जड जाईल, असं बाईंनीच सांगितलं. कुंपणानेच शेत खाल्लं, मग शेतकऱ्याने काय म्हणावं. टपालाच्या बाई आज माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांच्या सासूच्या वेळी दाखला दोन दिवस उशिरा आला म्हणून मी त्यांची रजा बिनपगारी केली होती. त्यांनी बोलू नये हेच बरोबर.

चौकशी होईपर्यंत मला रजेवर जायला सांगितलंय. सक्तीची आहे, पण कागद नेहमीचाच भरायचा असतो. माझ्या जागेवर आता एक नवी मुलगी आली आहे, तिने तो पुढे ठेवला. इतकी वर्षं लोकांचे हे कागद मी नुसते चाळायचो, भरायला लागल्यावर पेन चालेना. रजेचा प्रकार तिनेच लिहिला. कारणाच्या रकान्यात 'चौकशी' लिहायचं होतं. मी लिहिलं, 'वडील वारले, मागच्या वर्षी.' ती म्हणाली, 'काका, हे चालणार नाही.' मी म्हणालो, 'माहीत आहे. नामंजूर कर, पण लिहिलेलं राहू दे.' तिने त्यावर रेघ मारून वर 'चौकशी' लिहिलं. चांगली मुलगी आहे, नियमाने चालते.

खाली आणखी एक रकाना होता, रजेच्या काळातला पत्ता. चौकशीचे कागद त्या पत्त्यावर पाठवतात आणि सही करून घ्यावे लागतात, म्हणून तो खरा हवा. माझी इथली खोली मी लिहू शकलो असतो. मी तुझ्या घराचा पत्ता लिहिला. तुला विचारलेलं नाही.

पुढच्या शुक्रवारी सकाळच्या बसने निघतो, तोवर हे पत्र तुला मिळालेलं असेल. तू दार उघडलं नाहीस तर मी समजेन आणि परत फिरेन. मग ऑफिसचं पाकीट येईल तेव्हा पोस्टमनला एवढंच सांग, या घरात असा कोणी राहत नाही. ते खोटं होणार नाही.

धाकटा